पन्नास गाड्यांची जागा : बर्नार्ड्स टाऊनशिपच्या मशिदीचे प्रकरण

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना सॉमरसेट काउंटी नवी नाही. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात एकदा तरी जाऊन आलेले लोक पुष्कळ. त्याच काउंटीत बर्नार्ड्स टाऊनशिप आहे. बास्किंग रिज आणि लिबर्टी कॉर्नर या तिच्यातल्या जुन्या, टुमदार वस्त्या. लोकसंख्या २०१० च्या जनगणनेनुसार सुमारे २७ हजार. २०१२ ते २०१७ या काळात इथे एका लहानशा मशिदीवरून जे घडले, ते या अभ्यासात मांडले आहे. गावाचे नाव लपवलेले नाही, कारण न्यायालयाची कागदपत्रे सर्वांसाठी खुली आहेत. प्रकरणातल्या व्यक्तींची नावे मात्र घेतलेली नाहीत. घटनाक्रम समजायला त्यांची गरजही नाही.

हे प्रकरण निवडण्याचे कारण सांगतो. अमेरिकेत मुस्लिमांबद्दलची अढी म्हटले की हल्ले, शिवीगाळ, मोर्चे असेच चित्र आपल्यापुढे येते. इथे यातले फारसे काही झाले नाही. माणसे सुशिक्षित होती, सभा रीतसर होत्या, बोलणे सभ्य होते. वाद होता तो गाड्या लावायला किती जागा हवी याचा. म्हणूनच हे प्रकरण मला जास्त महत्त्वाचे वाटते.

पार्श्वभूमी

गावात मुस्लिम कुटुंबे थोडी होती, पण नवखी नव्हती. त्यांच्या संस्थेचे अध्यक्ष १९७० च्या दशकापासून इथे राहत होते. गावच्या समितीवर ते निवडून आले आणि २००४ मध्ये महापौर झाले. पाकिस्तानात जन्मलेला माणूस अमेरिकेतल्या गावाचा महापौर होण्याची ती पहिलीच वेळ, असे तेव्हा सांगितले गेले. म्हणजे ज्या यंत्रणेकडे पुढे त्यांना अर्ज घेऊन जावे लागले, ती त्यांनी स्वतः आतून चालवलेली होती.

शुक्रवारची नमाज तेव्हा टाऊनशिपच्याच सामुदायिक सभागृहात होत असे. दर आठवड्याला चटया अंथरायच्या आणि नमाज झाली की गुंडाळायच्या. नोव्हेंबर २०११ मध्ये संस्थेने लिबर्टी कॉर्नरमध्ये सुमारे चार एकरांची जागा विकत घेतली. तिथल्या झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांत, प्रार्थनास्थळाला मुभा होती आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे किमान तीन एकर जागा लागत होती. जागा निवडताना संस्थेने नियम वाचून निवडली होती.

आराखडाही जपून केला होता. इमारत साधारण सव्वाचार हजार चौरस फुटांची, एका वेळी दीडशे माणसे मावतील एवढी. घुमट नाही. मिनार होते, पण धुराड्यासारखे दिसणारे, आसपासच्या जुन्या घरांत मिसळून जातील असे. हे वाचताना मला वाईट वाटले. आपले प्रार्थनास्थळ आपल्यासारखे दिसू नये याची काळजी आधीच घ्यावी लागणे, यातच त्या काळाची हवा कळते.

हवा खरोखरच जड होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात या भागातलीही माणसे गेली होती. रोज गाडीने मॅनहॅटनला जाणाऱ्यांचे हे गाव. एफबीआयच्या नोंदींत मुस्लिमविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या घटना २००० मध्ये २८ होत्या, २००१ मध्ये त्या ४८१ झाल्या. पुढे त्या कमी झाल्या, तरी २००१ पूर्वीच्या पातळीवर पुन्हा कधी आल्या नाहीत. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर मॅनहॅटनमधल्या इस्लामी केंद्रावरून देशभर वादळ उठले. त्याच वर्षी टेनेसीतल्या मर्फ्रीसबरो इथल्या मशिदीवरूनही खटले सुरू झाले. प्यू संशोधन केंद्राने २०१४ मध्ये अमेरिकनांना वेगवेगळ्या धर्मसमूहांबद्दलची आपुलकी शून्य ते शंभर अंशांत सांगायला लावली. तेव्हा मुस्लिमांच्या वाट्याला सरासरी ४० अंश आले. निरीश्वरवाद्यांना ४१ आणि हिंदूंना ५०.

समस्या

एप्रिल २०१२ मध्ये संस्थेने नियोजन मंडळाकडे अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये सुनावण्या सुरू झाल्या. गावात पत्रके फिरू लागली, विरोधकांची संघटना उभी राहिली. संस्थेच्या जागेवरच्या पत्रपेटीवर संस्थेच्या नावाची आद्याक्षरे होती. ती बदलून कोणीतरी तिथे 'आयसिस' अशी अक्षरे लावली. मंडळासमोरची भाषा मात्र रहदारीची, दिव्यांची, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची होती.

खरा पेच पार्किंगचा होता. टाऊनशिपच्या नियमात 'चर्च, सभागृहे आणि नाट्यगृहे' यांच्यासाठी तीन आसनांमागे एक गाडी असे प्रमाण लिहिलेले होते. दीडशे माणसे, म्हणजे पन्नास गाड्या. अर्जात तेवढी जागा दाखवली होती. गावातल्या ख्रिस्ती प्रार्थनास्थळांना आणि ज्यूंच्या सिनेगॉगला आजवर हेच प्रमाण लावले गेले होते.

मशिदीच्या वेळी मंडळाने हे प्रमाण बाजूला ठेवले. शुक्रवारची नमाज कामाच्या दिवशी दुपारी होते, माणसे कचेरीतून एकेकटी येतात, कुटुंबासह एका गाडीत येत नाहीत, तेव्हा जास्त जागा लागेल, असा युक्तिवाद झाला. अखेर आकडा ठरला १०७. म्हणजे दीड माणसामागेही एक गाडी पुरेना.

हा युक्तिवाद सरसकट खोटा नाही, हे मान्य केले पाहिजे. शुक्रवारच्या दुपारी मशिदीसमोर गाड्यांची रांग लागते, हे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पण मग ईस्टरच्या सकाळी चर्चसमोर आणि योम किप्पूर या ज्यूंच्या मोठ्या उपासाच्या दिवशी सिनेगॉगसमोर काय होते? त्या त्या वेळी त्यांची गर्दी वेगळी मोजावी असे कोणाला वाटले नव्हते. जी शंका एकाच अर्जदाराच्या वेळी सुचते, ती शंका रहदारीपुरती राहत नाही.

आकडा बदलल्यावर बाकीचे सगळे त्यामागोमाग बदलत गेले. १०७ गाड्यांसाठी डांबर जास्त. डांबर वाढले की पावसाचे पाणी जिरत नाही, मग निचऱ्याची योजना नव्याने करा. वाहनतळ पसरला की शेजारच्या घरांपासून सोडायचे अंतर कमी पडते. अग्निशमनाची गाडी चहूबाजूंनी फिरली पाहिजे, ही अटही आली. एक मागणी पुढच्या नकाराची आई ठरत गेली. संस्था दर वेळी नवा आराखडा घेऊन येई आणि दर वेळी नवी उणीव निघे. मध्येच, २०१३ मध्ये, टाऊनशिपने नियमच बदलला. निवासी भागातल्या नव्या प्रार्थनास्थळासाठी किमान जागा तीन एकरांवरून सहा एकरांवर नेली.

साडेतीन वर्षांत ३९ जाहीर सुनावण्या झाल्या. ८ डिसेंबर २०१५ रोजी मंडळाने अर्ज फेटाळला. त्याआधी सहा दिवस कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोचा हल्ला झाला होता. आदल्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी मुस्लिमांना अमेरिकेत प्रवेश पूर्ण बंद करावा अशी मागणी केली होती. मंडळाच्या मतदानाचा त्याच्याशी संबंध होता असा दावा मी करत नाही. पण त्या रात्री घरी परतणाऱ्या मुस्लिम कुटुंबाने दोन्ही बातम्या एकत्रच ऐकल्या असणार.

समोरचे पर्याय

संस्थेपुढे आता चार वाटा होत्या. जागा विकून दुसरीकडे मोठी जागा शोधायची. तसे केले तर नवा नियम, नवे शेजारी आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. १०७ गाड्यांची जागा त्याच चार एकरांत बसवायची. तेही कठीण, कारण आकडा मान्य केला तरी निचरा आणि अंतराचे आक्षेप उभेच राहत होते. भाड्याच्या सभागृहात चटया अंथरत राहायचे. किंवा न्यायालयात जायचे.

चौथी वाट माजी महापौरासाठी सर्वांत अवघड होती असे मला वाटते. ज्या गावाने निवडून दिले, त्या गावावर दावा लावणे म्हणजे घरचे भांडण चव्हाट्यावर मांडणे. शिवाय जिंकले तरी शेजारी तेच राहणार.

टाऊनशिपपुढेही पर्याय होते, आणि माझ्या मते तिथेच या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक झाली. शेजारच्या ब्रिजवॉटरने नेमका हाच मार्ग आधी चालून पाहिला होता. २०११ मध्ये एका जुन्या खानावळीच्या जागी मशीद होणार म्हटल्यावर तिथे घाईने झोनिंग बदलले गेले, दावा झाला आणि २०१४ च्या अखेरीस ब्रिजवॉटरने जवळपास ७७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड केली. त्यात मशिदीसाठी दुसरी जागा देणेही आले. बर्नार्ड्सच्या सुनावण्या तेव्हा अजून चालू होत्या. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. इथे पुढच्याला ठेच लागलेली काही मैलांवर दिसत असूनही मागचा त्याच दगडाकडे चालत राहिला.

कायदाही स्पष्ट होता. २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी विरोधाविना एक कायदा मंजूर केला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. धार्मिक जमीनवापर आणि बंदिवान व्यक्ती कायदा असे त्याचे नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून वकील त्याला 'रलूपा' म्हणतात. झोनिंगच्या नावाखाली एका धर्माला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, हे त्याने बेकायदा ठरवले. त्याला कारण होते. लहान पंथांना, कृष्णवर्णीयांच्या चर्चना, सिनेगॉगना पार्किंग आणि रहदारीची सबब सांगून नाकारले जाते, अशा साक्षी संसदेपुढे ढिगाने आल्या होत्या. बर्नार्ड्समध्ये वापरलेली भाषा त्या कायद्याला चांगली ओळखीची होती.

केलेल्या कृती

मार्च २०१६ मध्ये संस्थेने टाऊनशिपवर फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानेही वेगळा दावा लावला. न्याय विभागाला असली प्रकरणे तोवर नवी राहिली नव्हती. २०१० ते २०१६ या काळात या कायद्याखाली त्याने जमीनवापराच्या ज्या चौकशा केल्या, त्यांपैकी ३८ टक्के मशिदी किंवा इस्लामी शाळांबद्दल होत्या. अमेरिकेच्या लोकसंख्येत मुस्लिम जेमतेम एक टक्का आहेत.

या दोन दाव्यांच्या मधली एक घटना मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जवळची वाटते. मे २०१६ मध्ये अठरा संस्थांनी न्यायालयाचे मित्र म्हणून, म्हणजे स्वतः पक्षकार नसताना, मशिदीच्या बाजूने निवेदन दिले. त्यांत ज्यू वकिलांची संघटना होती, बाप्टिस्ट आणि इव्हँजेलिकल या ख्रिस्ती पंथांचे लोक होते, शीख कोअॅलिशन होती, इस्कॉन होते आणि न्यू जर्सीतल्या दक्षिण आशियाई वकिलांची संघटनाही होती. इस्कॉन आणि शीख यात का, हे समजायला कष्ट पडत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सटर काउंटीत शिखांना गुरुद्वारा बांधायला दोनदा नकार मिळाला होता आणि २००६ मध्ये अपील न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे तो नकार बेकायदा ठरवला. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये मंदिरासाठी जमीन घेणाऱ्या आपल्या मंडळींना शनिवार-रविवारची गर्दी, नवरात्रातले ढोल आणि पार्किंग हे प्रश्न विचारले जातातच. मशिदीला लावलेले खास माप उद्या मंदिराला लागू शकते.

सदर्न बाप्टिस्टांच्या दोन संस्थांनीही सही केली होती. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. जून २०१६ मध्ये सेंट लुईस इथल्या त्यांच्या वार्षिक अधिवेशनात एका पाळकाने भर सभेत जाब विचारला की आपण मशिदीची बाजू का घेतो. त्या दोन बाप्टिस्ट संस्थांपैकी एकीच्या प्रमुखाने उत्तर दिले ते असे : धर्ममत पाहून एखादे प्रार्थनास्थळ बांधू द्यायचे की नाही हे सरकार ठरवू लागले, तर उद्या बाप्टिस्टांच्या चर्चवरही तीच पाळी येईल. सभागृहात टाळ्या पडल्या. पण सगळ्यांचे समाधान झाले नाही. दुसऱ्या संस्थेच्या एका विश्वस्ताने राजीनामा दिला आणि २०१७ च्या सुरुवातीला त्या संस्थेच्या अध्यक्षांनी झालेल्या फुटीबद्दल माफी मागितली. दुसऱ्याच्या हक्कासाठी उभे राहिल्यावर आपल्याच माणसांचा रोष ओढवतो, आणि तरी काही जण उभे राहतात. त्या सही करणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते.

संस्थेच्या वकिलांची एक कृती मला पटली नाही. विरोधात बोललेल्या काही रहिवाशांकडे त्यांनी समन्स पाठवून पत्रव्यवहार मागितला. अधिकाऱ्यांचे ई-मेल मागणे रास्तच होते, त्यांनीच निर्णय घेतला होता. पण सभेत उठून बोललेल्या नागरिकाच्या दारात समन्स गेले की 'आमचे तोंड बंद करतात' या तक्रारीला आयते बळ मिळते. तसे ते मिळाले.

निकाल

३१ डिसेंबर २०१६ रोजी फेडरल न्यायाधीशांनी पार्किंगच्या मुद्द्यावर निकाल दिला. साक्षीपुराव्याचा खटला उभा राहण्याआधीच, केवळ दोन्ही बाजूंच्या लेखी कागदांवरून. टाऊनशिपचा बचाव असा होता की नियमातला 'चर्च' हा शब्द मशिदीला लागू होत नाही. न्यायाधीशांनी तो मानला नाही. कायद्याच्या भाषेत 'चर्च' म्हणजे प्रार्थनास्थळ, त्यात मशीद आलीच. ख्रिस्ती आणि ज्यू अर्जदारांना लिहिलेले प्रमाण आणि मुस्लिम अर्जदाराला स्वतंत्र हिशेब, हा भेदभाव कागदावरूनच दिसत होता. एखाद्याच्या मनात द्वेष होता का, हे सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. शिवाय ज्या नियमाने मंडळाला असा मोकळा हात मिळतो, तो नियम घटनेच्या कसोटीवर अतिसंदिग्ध ठरला.

मे २०१७ मध्ये टाऊनशिपने तडजोड केली. रक्कम ३२ लाख ५० हजार डॉलर. त्यातले १५ लाख नुकसानभरपाई आणि साडेसतरा लाख वकिलांची फी. न्याय विभागाशी झालेल्या करारात प्रार्थनास्थळांचे झोनिंग बदलणे आणि अधिकाऱ्यांना या कायद्याचे प्रशिक्षण देणे या अटी आल्या. न्याय विभागाचा दावा ओबामांच्या काळात लागला होता आणि करार ट्रम्प यांच्या काळात झाला. सत्ता बदलली तरी कायद्याचे काम थांबले नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये नियोजन मंडळाने मशिदीला मंजुरी दिली. पार्किंग : पन्नास गाड्या.

निर्णयाची वळणे आणि काय वेगळे करता आले असते

पहिले वळण २०१२ मध्येच आले. पार्किंगचा प्रश्न प्रथम निघाला तेव्हा मंडळाच्या वकिलाने एकच प्रश्न विचारायला हवा होता : मागच्या तीन-चार प्रार्थनास्थळांच्या वेळी आपण काय केले? त्या जुन्या फायली टेबलावर आल्या असत्या तर १०७ हा आकडा जन्मालाच आला नसता. तीन आसनांमागे एक गाडी हे प्रमाण खरोखर अपुरे वाटत असेल, तर ते सर्व धर्मांसाठी, आणि पुढच्या अर्जांपासून बदलायचे. अर्ज चालू असताना एकट्यासाठी नाही.

दुसरे वळण २०१४ च्या डिसेंबरातले, ब्रिजवॉटरच्या तडजोडीचे. त्या आठवड्यात टाऊनशिपने बाहेरचा वकील बोलावून स्वतःच्या फायलीची तपासणी करून घेतली असती तर पुढचे एक वर्ष आणि लाखो डॉलर वाचले असते. निवडून आलेल्या माणसांना हे जड जाते, कारण सभागृहात समोर बसलेले मतदार संतापलेले असतात. पण नियोजन मंडळ असते ते समोरची गर्दी मोजण्यासाठी नव्हे, नियम लावण्यासाठी.

तिसरे वळण शेजाऱ्यांचे. विरोध करणारे सगळे द्वेष्टे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या कुंपणापलीकडे वाहनतळ येणार, त्याची दिव्यांची आणि पाण्याची काळजी खरी असते. अडचण ही की त्या ३९ सभांत खरी काळजी आणि भीती यांना वेगळे करणारे कोणी नव्हते. सुनावणी न्यायालयासारखी चालते. शपथ, साक्ष, उलटतपासणी. 'मला मशिदीची भीती वाटते' हे तिथे म्हणता येत नाही, म्हणून माणसे निचऱ्याबद्दल बोलतात, आणि भीती न बोलता तशीच राहते. सुनावण्यांच्या बाहेर चर्च, सिनेगॉग आणि मशिदीच्या मंडळींनी मिळून शेजाऱ्यांसोबत बसण्याचा रिवाज गावाने पहिल्याच महिन्यात पाडला असता, तर किती जण बदलले असते ते सांगता येणार नाही. पण बोलायला जागा तरी मिळाली असती.

शेवटचे वळण तडजोडीतल्या एका कलमाचे. मंजुरीच्या सुनावणीत इस्लाम किंवा मुस्लिमांबद्दल टिप्पणी करू दिली जाणार नाही, असे त्यात लिहिले होते. हेतू कळतो. पाच वर्षे जे ऐकून घेतले ते आणखी एकदा का ऐकायचे? तरीही हे कलम मला चुकीचे वाटते. एका रहिवासी दाम्पत्याने त्याविरुद्ध भाषणस्वातंत्र्याचा दावा लावला आणि वाद पुन्हा पेटला. 'विषयाला धरून बोला, अर्जाबद्दल बोला' एवढी अट सर्व धर्मांना सारखी लागू करून तेच साधले असते. ज्या प्रकरणात सगळे काही एका धर्माला वेगळे माप लावल्यामुळे बिघडले, त्याच्या अखेरच्या कागदावर पुन्हा एका धर्माचे नाव वेगळे काढून लिहायला नको होते.

प्यूने २०१७ मध्ये पुन्हा तेच विचारले तेव्हा मुस्लिमांना ४८ अंश मिळाले. तीन वर्षांत आठ अंशांची वाढ, तीही मुस्लिमांविरुद्ध एवढे उघड बोलले जात असताना. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पाहणीत ४८ टक्के मुस्लिमांनी गेल्या वर्षभरात किमान एकदा भेदभाव सोसल्याचे सांगितले. दोन्ही आकडे एकाच समाजाचे आहेत. बर्नार्ड्समध्येही तसेच होते : एका मुस्लिम माणसाला महापौर केले तेही याच गावाने, आणि आठ वर्षांनी त्याने नमाजाला जागा मागितली तेव्हा गाड्या मोजायची पद्धत बदलली तीही याच गावाने.